बांधावरची चांगुणाबाय

चांगुणाबायने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाळकुमच्या खारबांधावर ती पाय पसरून बसली होती. मांडीवर फुटबॉलचं उसवलेलं चामडं, हातात गोणी शिवायचा दाभण. मी सायकल आडवी केली, रुमालाने कपाळ पुसलं आणि कचेरीत शिकलेल्या अदबीने म्हणालो, "मी ठाण्याहून आलोय. तुमच्या संघात खेळायची इच्छा आहे."

"तलवं दाखव," ती म्हणाली.

मी बूट काढले, मोजे काढले, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढे बसावं तसा पाय पुढे करून बांधावर बसलो. तिने अंगठ्याने माझी टाच दाबली, चवडा दाबला आणि खाली मैदानात उभ्या असलेल्या पोरांना ओरडून विचारलं, "पोरांनू, यो पाय हाय कं लोनी?"

पोरं पोट धरून हसली. मग तिने दाभण पुन्हा चामड्यात घातला आणि माझ्याकडे न बघता निकाल दिला. "हंगामभर अनवानी ये. मंगा बघू."

स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बाविशीतला कारकून, कोकणातून आलेला, ठाण्याच्या चाळीत एका खोलीत राहणारा. तेव्हा माजिवड्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं होती आणि बाळकुमच्या पलीकडे खाडीपर्यंत नुसती मिठागरं. तो सबंध हंगाम मी माजिवड्याला बूट काढायचो, हँडलला टांगायचो आणि पुढची वाट सायकल ढकलत पायी तुडवायचो. कचेरीत हेडक्लार्कनी माझ्या पायांच्या पट्ट्या बघून काळजीने विचारलं, "नवस वगैरे बोललायत की काय?" मी हो म्हणून टाकलं. होळीनंतर चांगुणाबायने पुन्हा अंगठा दाबला आणि म्हणाली, "आथा चालंल." पुढे नोकरीत मला दोन बढत्या मिळाल्या, पण त्या 'चालंल'चा जेवढा आनंद झाला तेवढा त्यांचा झाला नाही. खोटं कशाला बोलू?

खारबांध फुटबॉल संघाला कार्यालय नव्हतं, पाटी नव्हती, घटना नव्हती. चांगुणाबाय होती. ती अध्यक्ष नव्हती, चिटणीस नव्हती. तिचं काम उघाडीवर. उघाडी म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार, ज्यातून भरतीचं खारं पाणी मिठागरात घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं. आधी ते काम तिचा नवरा जोमा करायचा. तो ऐन उमेदीत वारल्यावर मुकादमाने ते तिच्याकडे दिलं, आणि तिने इतकी वर्षं एकदाही पाणी चुकवलं नव्हतं.

त्यामुळे ती घड्याळाला मोजतच नसे. सामना किती वाजता, असं विचारलं तर उत्तर यायचं, "पानी वसरलं का." म्हणजे ओहोटी लागली की. पाहुण्या संघाला हे कळवायचं काम माझ्याकडे. मी तिच्याकडून पाणी विचारून घ्यायचो, त्याचं घड्याळ करायचो आणि कार्डावर लिहायचो, "सामना दुपारी सव्वातीन वाजता." एकदा माझा हिशोब तासाभराने चुकला. पाहुणे आले तेव्हा ती उघाडीवर होती, आणि तिच्याशिवाय चेंडू बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. पाहुणे एक तास बांधावर बसून शेंगा खात राहिले.

चेंडू तिच्या घरी भाताच्या कणगीत असायचा, भातात गळ्यापर्यंत पुरलेला. खाऱ्या हवेने चामडं तडकतं म्हणून ती त्याला आठवड्याला करंजेल चोपडायची. त्या तेलाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्याने डोक्याने चेंडू मारला त्याच्या शेजारी घरात दोन दिवस कुणी जेवायला बसत नसे. आमचा सेंटर फॉरवर्ड नामा याच्या बायकोने याच कारणासाठी माहेरी जायची धमकी दिली होती. चांगुणाबायने तिला निरोप पाठवला, "जाऊ दे. पन चेंडू सुका ठेवनार नाय."

सामना चालू असताना ती बांधावरून एकच वाक्य ओरडायची. "डोल्यानं खेलतूस कं पायानं?" चूक कुणाचीही आणि कसलीही असो, वाक्य तेच. गंमत म्हणजे ज्याला उद्देशून असायचं त्याला ते बरोबर कळायचं. शाबासकीच्या बाबतीत मात्र ती महाकंजूष. सबंध संघात "बरं घातलंस" हे दोन शब्द मिळवलेली माणसं चार. नामा त्यातला एक, आणि ते त्याला ज्या दिवशी मिळाले तो दिवस तो स्वतःच्या लग्नाच्या दिवसाआधी सांगायचा. बायको माहेरी जायला निघण्याचं तेही एक कारण असावं.

कल्याणच्या स्पर्धेची गोष्ट सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही. अंतिम सामना आमचा आणि डोंबिवलीच्या संघाचा. डोंबिवलीकर म्हणजे सगळे शिकलेले, नोकरदार, नीट भांग पाडून मैदानात उतरणारे. पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे. आमचे अकराही अनवाणी. पंच कडक शिस्तीचे. त्यांनी सांगितलं, पायात काहीतरी असल्याशिवाय खेळू देणार नाही.

"कायतरी म्हंजे काय?" चांगुणाबायने विचारलं.

"काहीही. पण अनवाणी नाही."

आम्ही बसायला तीन गोणपाटं आणली होती. तिने दाभण काढला आणि बघता बघता अकरा जणांच्या पायांना गोणपाट शिवून टाकलं. पूर्वार्धात आम्ही नुसते घसरत होतो. एकदा तर मी, नामा आणि आमचा गोली तिघंही एकाच चेंडूसाठी धावलो आणि तिघंही आडवे, चेंडू मधोमध तसाच. डोंबिवलीकरांनी दोन गोल चढवले. प्रेक्षक आम्हाला "हमाल, हमाल" म्हणून चिडवायला लागले.

मध्यंतरात ती मैदानात आली. तिने सगळ्यांच्या पायांचे टाके उसवले आणि गोणपाटाची गठडी करून बाजूला टाकली. पंच धावत आले. "बाई, पायात काहीतरी पाहिजे असं ठरलं होतं ना?"

"हाय की," ती म्हणाली. "मीठ हाय. इतक्या हंगामांचं मीठ मुरलंय माज्या पोरांच्या पायांत. तवढं काढून दाव, मंगा बूट घालू आमी."

पंचांनी नामाची टाच दाबून पाहिली. नखाने खरवडून पाहिली. (माझी टाच बघितली नाही ही देवाची कृपा.) मग ते मध्यावर गेले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. आम्ही तीन गोल मारले. सामना संपल्यावर तेच डोंबिवलीकर आमच्या पोरांचे तळवे बघायला गोळा झाले होते, आणि चांगुणाबाय त्यांना घोड्याच्या व्यापाऱ्यासारखी एकेक पाय उचलून दाखवत होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या संघाचा वर्धापनदिन दरवर्षी न चुकता व्हायचा. दिवाळीनंतर मिठागरं उघडायची, वाफ्यांचे तळ पुन्हा तुडवून घट्ट करायचे, त्याच्या पहिल्या दिवशी. चांगुणाबाय मैदानाच्या मध्यावर नारळ फोडायची. संघ काढणाऱ्या जोमाचं नाव घ्यायचं, खोबरं वाटायचं आणि खेळायचं. मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "हा कितवा?"

"यंदाचा," पोशाकाका म्हणाला. पोशाकाका नामाचा बाप, गावातला सर्वात बोलका म्हातारा. मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच कुणी मोजलं नव्हतं. मागच्या वर्षी झाला, यंदा झाला, पुढच्या वर्षी होईल. आकडा कशाला हवा?

आकडा हवा झाला तो मिठागराच्या मालकामुळे. आम्ही ज्या मैदानावर खेळायचो ती बांधालगतची एक कोंडी होती. कोंडी म्हणजे मिठाचा वाफा. बांधातून पाणी झिरपत असल्याने तिच्यात मीठ धरत नसे. जुने मालक, मोठे शेट, केव्हाच वारले होते. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे शेट म्हणत, मुंबईहून आला आणि त्याला त्या जागी वीटभट्टी घालायची होती. माणूस वाईट नव्हता. कोट-टोपी घालून स्वतः आला, बांधावर उभा राहून आमचा अर्धा सामना बघितला आणि मग म्हणाला, "हे बघा, माझ्या वडिलांनी तुम्हाला ही जागा दिली असेल तर मी वडिलांचा शब्द मोडणार नाही. पण ते गेल्यानंतर एखाद्या मुकादमाने परस्पर खेळू दिलं असेल, तर तो शब्द माझ्यावर बंधनकारक नाही. वडील असताना तुम्ही इथे खेळत होता एवढं दाखवा. कोंड्या उघडायच्या दिवशी मी येतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कचेरीतला ना! कागद शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, अशी गावाची समजूत. मलाही ती पटली होती, हे कबूल करतो.

मी वही घेऊन म्हाताऱ्यांकडे गेलो. पोशाकाका म्हणाला, "संघ कवा निघाला? खांड गेली त्या साली." बांध फुटून खाडी आत शिरली की तिकडे खांड गेली म्हणतात. दुसऱ्या म्हाताऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्यानेही. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. तीन साक्षी, एक साल! रात्री चाळीत मी मित्राला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी सहज पोशाकाकाला विचारलं, "खांड गेली तेव्हा काका तुमचं वय काय असेल?"

"माजं लगीन व्हतं त्या साली. मांडव व्हावून गेला."

दुसऱ्याची खांड म्हणजे त्याचा बैल वाहून गेला ती. तिसऱ्याची म्हणजे त्याचं घर पडलं ती. ज्याचं जिने नेलं, ती त्याची खांड. तिन्ही वेगवेगळ्या! आणि तिघेही आपापल्या खांडीवरून हलायला तयार नाहीत. त्यांना एकत्र बसवण्याचा मूर्खपणा मी केला. संघ राहिला बाजूला, कुणाची खांड मोठी यावरून त्यांच्यात जुंपली आणि पोशाकाका आठवडाभर कुणाशी बोलेना.

शेवटी मी कचेरीतले जुने कागद उपसले. बांध फुटला की शेतसाऱ्याची सूट मागायला अर्ज व्हायचे, ते सापडले. एक मोठी खांड, मोठे शेट हयात असताना गेलेली. मग दोन, त्यांच्या मृत्यूनंतरच्या. आता प्रश्न एकच उरला, संघ यातल्या कुठल्या खांडीचा? आणि एका गोष्टीवर मात्र सगळ्या गावाचं एकमत होतं. संघ जोमाने काढला. जोमा तरुणपणी उरणच्या मिठागरात होता, तिथून तो परत आला मोठे शेट वारल्यानंतर दीड-दोन वर्षांनी. म्हणजे संपलंच. आमच्याच तोंडाने आम्ही मैदान घालवलं होतं.

ते सांगायला मी चांगुणाबायकडे गेलो. ती ओसरीवर चेंडूला तेल चोळत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही. चोळता चोळताच म्हणाली, "तुज्या वहीत समदं म्हातारं हायेत. बाय एक पन नाय."

"बायकांना काय विचारायचं? संघ तर जोमाकाकांनी..."

"जोमा नव्हता," ती म्हणाली.

मी वहीतून मान वर केली.

"तवा तो उरनला व्हता. संघ निघाला तो यायच्या आधी. कोंडी तुडवनाऱ्या आमी नव बाया, आमी मारला पयला चेंडू. मोठं शेट उभं व्हतं." तिने चेंडू कणगीत ठेवला, वर भात सारला. "जोमा मेला तवा त्याच्या मागं काय व्हतं? शेत नाय, पान्यात होरी नाय, पोर नाय. मानसाच्या मागं कायतरी ऱ्हावाला पायजे. मी संघ दिला त्याला. त्याचं नाव लावलं."

"आणि गावातले पुरुष काही बोलले नाहीत?"

"त्यांना बरंच झालं. बायांनी खेल शिकवला, ह्ये सांगाची लाज वाटं बापयांना." ती पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलत होती. "आथा मी खरं सांगू तर जोमाचं नाव जातं. नाय सांगू तर कोंडी जाते. तू शिकलेला हायेस, तू सांग काय करू?"

मी वही उघडली आणि पुन्हा मिटली. तिने माझ्या उत्तराची वाट पाहिलीही नाही. "जा," म्हणाली. "शेट येल त्या दिशी समद्या गावाला कोंडीवर बोलव."

कोंड्या उघडायच्या दिवशी सकाळी बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटे शेट आले. पोशाकाकाने घसा साफ करून "आमच्या वाडवडलांनी..." अशी सुरुवात केली. चांगुणाबायने त्याला हाताने बसवलं आणि ती मैदानाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

"शेट, तुमी तवा इतकं व्हतात," तिने कमरेइतका हात धरला. "मोठी खांड बुजवलेली. चिखला-गालानं भरलेली ही कोंडी आमी आठ दिवस तुडवत व्हतो. पाय फुटलेलं, कोनाचा पाय उचलत नव्हता. मोठं शेट घोरागारीतून आलं, संगती तुमी. तुमच्या हातात मुंबैचा चेंडू. तो तुमी मारला नि परला आमच्या चिखलात. मी पायानं परत मारला. तुमी पुन्ना मारला. मंगा दुसरीनं मारला, तिसरीनं मारला. नव बाया येड्यासारख्या धावल्या चेंडूमागं. दिस कलला तवा बगतो तं कोंडी दगडासारखी घट्ट! मोठं शेट हसून हसून दमलं. बोललं, चेंडू ऱ्हाऊ दे हितं. तुमी रडाया लागलात."

बांधावर कुणीतरी हसलं. शेट हसले नाहीत.

"तवा तुमच्या बापसानं तुमाला उचलून घेतलं नि आमाला सांगलं, मुलगा चेंडू मागाला येल तवर कोंडी तुमची. आथा तुमी कोंडी मागाला आलाव. आधी चेंडू मागा."

धाकट्या शेटनी टोपी काढली. मग अगदी हळू, आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी नवा चेंडू मागितला की वडील प्रत्येक वेळी म्हणायचे, 'जा, बाळकुमच्या बायांकडून जुना मागून आण.' आईसुद्धा म्हणायची. मी मोठा होईपर्यंत घरात ही थट्टा चालू होती. मला कधी तिचा अर्थच कळला नाही."

आता गावाच्या पुरुषांकडे सगळ्यांचे डोळे वळले. पोशाकाका मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, "खरं हाय. मी बांधावर बसलेलू. मना पन खेलाचं व्हतं. बायांनी घेतलं नाय."

तो जो हशा उसळला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. धाकट्या शेटनी तिथेच माझ्याकडून कागद लिहून घेतला, सायकलच्या सीटवर ठेवून त्यावर सही केली. "कोंडी तुमची," म्हणाले, "आणि चेंडू मी कधीच मागणार नाही." पोरांनी आरोळ्या ठोकल्या, नामाने मला खांद्यावर घेतलं, मी त्याला सांगत होतो की अरे मी काही केलेलं नाही, पण ऐकतो कोण! आयुष्यात तेवढ्या उंचावरून मी जग पुन्हा पाहिलं नाही.

त्या दिवशी नारळ मात्र फुटला नाही. चांगुणाबायने तो हातात घेतला आणि पोशाकाकाच्या हातात देऊन उघाडीवर निघून गेली. एवढ्या आनंदात ते फार कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण नारळ फोडताना घ्यायचं जोमाचं नाव तिने स्वतःच खोडून टाकलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मग मी साल मोजलं. मोठ्या खांडीपासून हिशोब केला तर आमचा पंचविसावा वर्धापनदिन आदल्याच वर्षी 'यंदाचा' म्हणून साजरा होऊन गेला होता! रौप्यमहोत्सव हुकला, हे मी मोठ्या दुःखाने चांगुणाबायला सांगितलं. ती म्हणाली, "मंगा दोन्ही संगती करा." म्हणून होळीच्या आधी आम्ही पंचविसावा आणि सव्विसावा असे दोन वर्धापनदिन एका दिवशी केले. त्यानंतर आठवड्याभरात माझी डहाणूकडे बदली झाली, आणि मी पुन्हा बाळकुमला जाईपर्यंत ती उरली नव्हती. चांगुणाबाय म्हटलं की मला तो एक दिवस दिसतो.

मुंबईच्या एका गिरणीचा नावाजलेला संघ आला होता. त्यांचा गोलकीपर ताडमाड उंच. सामन्याआधी मी माझ्या वहीतून त्या नऊ बायांची नावं वाचली. पाच हयात होत्या. त्या नव्या लुगड्यांत, लाजून एकमेकींच्या मागे लपत मैदानात आल्या, आणि बांधावरच्या त्यांच्या नातवंडांनी आकाश डोक्यावर घेतलं. शेवटी चांगुणाबाय आली. धाकटे शेट म्हणाले, पहिला गोल बाईंनी मारायचा. चेंडू गोलसमोर ठेवला. तिने काष्टा घट्ट केला, दोन पावलं मागे गेली आणि मारला.

गोलकीपर अदबीने बाजूला झाला. चेंडू आत गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"थांबा!" ती ओरडली. टाळ्या थांबल्या. "तू बाजूला कं झालास रं? मी काय देवलात फुल वाहाला आलू? घे चेंडू. उभा ऱ्हा. अडव."

बिचारा गोंधळला, आपल्या कप्तानाकडे बघायला लागला. कप्तानाने मान हलवली. तो उभा राहिला. तिने मारला आणि त्याने झेप घेऊन अडवला. बांधावर 'अरेरे' झालं. चांगुणाबायचा चेहरा मात्र खुलला. "आथा कसं!" ती म्हणाली, "बरं अडवलंस." आमच्या नामाने कपाळाला हात लावला, परक्या संघाच्या गोलीला एका झेपेत शाबासकी!

तिने चेंडू पुन्हा ठेवला. उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. गोली तिकडे झुकला. तिने डाव्या कोपऱ्यात मारला, जमिनीलगत, साठीला आलेल्या बाईच्या पायात इतकी ताकद असते हे मी सांगून पटणार नाही. गोली पूर्ण ताणून पडला आणि चेंडू त्याच्या बोटांना चाटून आत गेला.

जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. बांध हलला. शेट कोटासकट उड्या मारत होते, पोशाकाका रडत होता, चार बाया तिच्या गळ्यात पडल्या होत्या. त्या गलक्यातून तिने मला हात केला. मी धावत गेलो.

"वही हाय कं?"

"हाय."

"आमी खेल काढला, पन नेम कोनाला ठावं व्हतं? समदं एका जागी धावायचं. जोमानं उरनशी येऊन समद्यांना जागा शिकवल्या. कोनी फुरं, कोनी मागं. पयला कप्तान तो. ह्ये खरं हाय, यात लबारी नाय." तिला धाप लागली होती. "आथा वाच त्याचं नाव."

माझ्या वहीत ते नाव नव्हतं. मी वही नुसती उघडून धरली आणि जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "संघाचा पहिला कप्तान, जोमा!"

मग नामा ओरडला, "जोमा!" पोरांनी उचललं, म्हाताऱ्यांनी उचललं, मुंबईच्या संघानेसुद्धा उचललं. सगळी कोंडी त्या एका नावाने दणाणत होती. चांगुणाबाय गोलच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती हसत होती, रडत होती, आणि ते लपवायला तिने पदरही वर घेतला नाही.